सर, जरा इकडं या

किस्से मुद्दाम साठवावे लागत नाहीत. स्टाफरूमच्या कपाटात जुन्या उत्तरपत्रिका साठतात ना, तसे ते साठत जातात. कुणी जपून ठेवले म्हणून नाही, कुणी काढून टाकले नाहीत म्हणून! परवा माझ्या जुन्या मैत्रिणी जमल्या होत्या. मी एकेक सांगत गेले आणि त्या हसून हसून लोळल्या. "अगं, लिही की हे!" एकजण डोळे पुसत म्हणाली. लिहिते. पण एक सांगून ठेवते, तुम्ही जिथं जिथं हसलात तिथं आम्ही हसलो नव्हतो.

कॉलेज श्रीगोंदा तालुक्यातलं. गावाचं नाव सांगत नाही, कारण मला अजून तिथंच शिकवायचंय. विषय इंग्रजी. रोज नगरहून एसटीनं येते. (जिल्ह्याचं नाव बदललं, पण कंडक्टर अजून 'नगर, नगर' असंच ओरडतो.) माझी नेमणूक तासिका तत्त्वावर आहे. म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढ्याचाच पगार. सुट्टी लागली की तास नाहीत, आणि तास नाहीत की आम्ही नाही. पुढच्या वर्षी त्याच जागेवर पुन्हा नव्यानं नेमणूक, पुन्हा नव्यानं मुलाखत. अशी आमच्याकडं निम्मी स्टाफरूम आहे.

तर इंग्रजीची बाई म्हणून सांगते, 'सर' या शब्दाचे डिक्शनरीत दोन-तीनच अर्थ आहेत. ज्यांनी डिक्शनरी लिहिली ते आमच्या कॉलेजात आले नसावेत. आमच्याकडं कायम नोकरीवाल्याला आडनाव लावून 'पवार सर', 'साळवे सर' म्हणतात. तासिकावाल्याला नुसतंच 'सर'. त्याचं आडनाव लक्षात ठेवण्याइतका तो टिकेल याची खात्री कुणाला असते? आणि त्या नुसत्या 'सर'पुढं 'जरा' आलं की सावध व्हायचं. "सर, जरा इकडं या" म्हणजे बाकं उचलायची आहेत. "सर, जरा बघता का?" म्हणजे प्रिंटर बंद पडलाय. आणि "सर, जरा समजून घ्या" म्हणजे यंदाही काही खरं नाही!

पोरं मला घाईत 'सर' म्हणतात आणि जीभ चावून 'मॅडम' म्हणतात. मला त्याचं काही वाटत नाही. निदान त्यात 'जरा' नसतं.

०००

यातले बहुतेक किस्से खरं म्हणजे एकाच माणसाचे आहेत. म्हस्के सर. भूगोल शिकवतात, माझ्यासारखेच तासावर. आडनाव आम्ही आणि पोरं लावतो, ऑफिस नाही. पाळण्यातलं नाव रावसाहेब! आमच्या जिल्ह्यात आईबापच पोरांना रावसाहेब, भाऊसाहेब, दादासाहेब अशी नावं ठेवतात. पुढं कुणी साहेब म्हणेल न म्हणेल, आपण घरूनच म्हणून पाठवलेलं बरं. म्हस्के सर पीएचडी आहेत, सेटची परीक्षा पास आहेत, चाळिशीला टेकलेत, आणि त्यांचं लग्न झालेलं नाही. लग्न करायचं नव्हतं असं नाही. त्यांना फार करायचं होतं. आई थकलीय, घरात दोनच माणसं, संध्याकाळी बोलायला कुणी नाही. त्यांनी कधी लपवलं नाही हे. "मॅडम, मला मोटार नको, बंगला नको. नोकरी कायम होऊन एक बायको मिळू द्या, बास!" असं भर स्टाफरूममध्ये म्हणायचे.

जुलैतली मुलाखत ऐका. जागा तीच, उमेदवार तेच, पण मुलाखत व्हायलाच हवी. सकाळी प्राचार्यांनी हाक मारली, "सर, जरा इकडं या." म्हस्के सर गेले. टेबलावर हिरवं कापड अंथरलं, खुर्च्या पुसल्या, पाण्याच्या बाटल्या मांडल्या, बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञांसाठी केळी आणि काजू आणून ठेवले. मग नळावर हात धुतले, शर्ट नीट खोचला, आणि त्याच दारात उभं राहून विचारलं, "मे आय कम इन, सर?"

"येस, कम इन," प्राचार्य म्हणाले. "युवर गुड नेम, प्लीज?"

म्हस्के सरांनी नाव सांगितलं. तज्ज्ञांनी विचारलं, "याआधी कुठं शिकवलंय?"

"इथंच, सर."

"अस्सं? मग कॉलेजची चांगलीच माहिती असेल तुम्हाला!"

"व्हय सर. तुमी बसलाय ना, त्या खुर्चीचा मागचा पाय हलतो. जरा जपून."

तज्ज्ञ सावरून बसले. प्राचार्यांनी उगीच काजूची बशी सरकवली. पुढं मान्सूनवर दोन प्रश्न झाले, म्हस्के सरांनी त्यांची इतकी सुंदर उत्तरं दिली की तज्ज्ञांनी पेन खाली ठेवलं. मुलाखत संपली. म्हस्के सर उठून दारापर्यंत पोचले तेवढ्यात मागून प्राचार्यांचा आवाज आला.

"थँक यू, यू मे गो. आणि सर, जरा चहाचं बघा!"

०००

संस्थेच्या अध्यक्षांना सगळे 'दादा' म्हणतात. दादा वर्षातून एकदा येतात, तेव्हा कॉलेजला हार घातल्यासारखं वातावरण असतं. एकदा ते स्टाफरूमच्या दारात उभे राहिले आणि प्राचार्यांना विचारलं, "सर लोक किती हायेत आपल्याकडं?"

प्राचार्यांनी आकडा सांगितला. तो कायम असलेल्यांचा होता. आम्ही बाकीचे त्याच खोलीत, त्यांच्यापासून दोन हातांवर उभे. आमच्यातल्या एकीच्या हातात तर दादांसाठी आणलेला गुच्छही होता!

मी हळूच म्हटलं, "मग आपण कोण?"

म्हस्के सर तितक्याच हळू म्हणाले, "सर ते, मॅडम. लोक आपन!"

०००

साळवे सरांचं वेगळं आहे. ते राज्यशास्त्राचे, नोकरी कायम, म्हणजे आडनाव लागलेले. पण ते याच गावचे, बौद्धवस्तीतले. त्यामुळं त्यांचं 'सर' गेटपर्यंत चालतं. गेटच्या बाहेर गावातले जुने लोक त्यांना अजून 'सिद्ध्या' म्हणतात. माणसाचे केस पिकले, पोरगी इंजिनिअर झाली, तरी सिद्ध्या!

एक दिवस चहाच्या टपरीवर गावातले एक मोठे बागायतदार उभे होते, सोबत त्यांचा मुलगा. मुलगा साळवे सरांच्याच वर्गात. सर आले तसं बापलेक एकदमच बोलले. बाप म्हणाला, "काय रे सिद्ध्या!" आणि मुलगा म्हणाला, "नमस्कार सर!"

बागायतदार पोरावर खेकसले, "सर काय म्हनतो त्याला? आपल्या गावचाच हाय तो."

साळवे सरांनी चहा घेतला. सावकाश एक घोट घेऊन म्हणाले, "पोराचं बरोबर हाय, आण्णा. तुमीबी ॲडमिशन घ्या, म्हंजी तुमालाबी म्हनता येईल."

टपरीवाला हसला आणि लगेच गप्प झाला. मला हा किस्सा साळवे सरांनीच सांगितला, हसत सांगितला. सांगून झाल्यावर मात्र त्यांनी तास नसताना खडू उचलला आणि वर्गाकडं निघून गेले.

०००

उन्हाळ्यात आम्ही कुठं जातो, हा प्रश्न आम्हाला कधी कुणी विचारत नाही. मी शिकवण्या घेते. म्हस्के सर एका मे महिन्यात कांदा भरायला गेले. म्हणजे साठवणीच्या चाळीतला कांदा गोण्यांत भरायचा आणि गोण्या टेम्पोत चढवायच्या. टोळी कुणाची, तर त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याची. आकाश त्याचं नाव. बी.ए.ला दोनदा नापास झाला, मग टेम्पो घेतला. काष्टीच्या बाजारापर्यंत त्याचा टेम्पो धावतो, हाताखाली माणसं आहेत, लग्न झालंय, मुलगा आहे.

पहिल्याच दिवशी एका गड्यानं म्हस्के सरांना हाक मारली, "ए लंब्या, ती गोनी घे की!"

आकाश टेम्पोवरून खाली उतरला. त्याचा संताप अगदी खरा होता. "कुनाला लंब्या म्हनतो रे? माझे सर हायेत ते! अरेतुरे करायचं न्हाई त्यांना. 'सर, उचला' म्हनायचं!"

"दिवसभर मानानं गोन्या उचलल्या, मॅडम," म्हस्के सर सांगत होते. "आन चहा मला पयला!"

पोराचं काही चुकलं नाही. त्यानं आपल्या परीनं मान राखला. चुकलं कुणाचं, ते मला नेमकं माहीत आहे, पण त्यांना गोण्या उचलाव्या लागत नाहीत.

०००

मुली बघायचे किस्से म्हस्के सर स्वतःच रंगवून सांगायचे. सोनईकडचं एक स्थळ होतं. मधे ओळखीचा माणूस होता, त्यानं एवढंच सांगितलेलं, मुलगा कॉलेजात सर आहे. झालं! अंगणात सडा, पाहुण्यांना टॉवेल-टोपी, पोह्यांवर खोबरं. मुलीचे वडील खुर्ची सोडून सतरंजीवर बसले. "सर, आनखी घ्या. सर, लाजू नका." पोहे संपेपर्यंत सगळं सुरळीत चाललं.

मग त्यांनी विचारलं, "परमनंट ना, सर?"

म्हस्के सरांना खोटं बोलता येत नाही. हा त्यांचा मोठा दोष आहे. ते म्हणाले, "न्हाई. तासावर हाय."

"तासावर म्हंजी?"

"जेवढे तास शिकवलं तेवढ्याचा पगार."

मुलीचे वडील विचारात पडले. मग त्यांचा चेहरा उजळला, "हां हां, म्हंजी जेसीबीसारखं!"

"तसंच म्हना," म्हस्के सर म्हणाले.

"मंग काय वाईट न्हाई त्यात. आमच्या थोरलीला जेसीबीवालाच केलाय." म्हस्के सरांना जरा धीर आला. तेवढ्यात ते पुढं म्हणाले, "पन त्याची जेसीबी सोताची हाय!"

चहा आलाच नाही. निघताना मुलीच्या वडिलांनी हात जोडले आणि म्हणाले, "बरंय मग, रावसाहेब." पोह्यांच्या आधी सर होते, पोह्यांनंतर रावसाहेब झाले!

०००

लोक विचारतात, मग सोडून का देत नाही? माझी सासू विचारते, नवरा विचारतो, एसटीतल्या बायका विचारतात. मी काय सांगू? वर्गात उभी राहिले, समोर पन्नास पोरं बसली, एखादीचा चेहरा 'कळलं' म्हणून खुलला, की मी कायम आहे की तासावर हे मी विसरते. खरंच विसरते. आणि आम्ही हे विसरतो, हे वरच्या लोकांना पक्कं ठाऊक आहे. त्या विसरण्यावरच त्यांचं सगळं चाललंय. याचा मला इतका राग येतो की कधी कधी एसटीत बसल्या बसल्या दात दुखायला लागतात.

०००

भूगोलाचे मूळचे प्राध्यापक म्हणजे पवार सर. माणूस स्वभावानं गोड, पण वर्गाशी त्यांचं फारसं जमलं नाही. संस्थेची कामं, दादांबरोबर दौरे, सभा, सत्कार यातून त्यांना सवड मिळत नसे. वेळापत्रकात त्यांचं नाव असायचं आणि वर्गात म्हस्के सर. पोरांची त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

पवार सर निवृत्त झाले, तेव्हा मोठा निरोप समारंभ झाला. मांडव, शाल, श्रीफळ, आणि विद्यार्थ्यांच्या वतीनं एका मुलाचं भाषण. पोरगं फार छान बोललं. सरांनी फळ्यावर सह्याद्री काढून दाखवला आणि ढग तिकडंच का रिकामे होतात, आपल्या तालुक्यापर्यंत का पोचत नाहीत, हे सांगितलं तेव्हा आम्हाला आमच्या बापाची शेती पहिल्यांदा कळली, असं म्हणाला. सरांनी आम्हाला भीमेच्या काठावर नेलं, हातात माती दिली आणि म्हणाले, हे पुस्तक आधी वाचा. पवार सरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. खरं पाणी हं! दादांनीसुद्धा रुमाल काढला.

मी म्हस्के सरांच्या शेजारी बसले होते. ढग त्यांचे, सह्याद्री त्यांचा, माती त्यांची. मला राहवेना. मी म्हटलं, "सर, हे सगळं तुमचं आहे! तो मुलगा धडधडीत खोटं बोलतोय."

"त्याला नका बोलू, मॅडम," टाळ्या वाजवत म्हस्के सर म्हणाले. "प्राचार्य म्हनले, सर, जरा भाषन लिहून द्या. मीच लिहून दिलंय. आन त्यात खोटं एक बी वाक्य न्हाई!"

०००

पवार सर गेले आणि भूगोलाची जागा रिकामी झाली. त्याच सुमाराला राहात्याचं स्थळ आलं. मुलगी सुवर्णा, तिथल्याच एका खासगी दवाखान्यात नर्स. वडिलांची पेरूची बाग. मुलगीसुद्धा पस्तिशीची, कुणाकुणाला नकार देऊन दमलेली. तिनं म्हस्के सरांना एकच प्रश्न विचारला, "घरी पुस्तकं किती आहेत?" सर म्हणाले, "बसायला जागा न्हाई इतकी." ती हसली. दोघांचं जमलं.

वडील सरळ माणूस. म्हणाले, "पोरीला पसंत हाय, मला बी हाय. पन कायमची ऑर्डर दाखवा, सर. दिवाळीपतूर थांबतो."

त्या काळातले म्हस्के सर मी विसरणार नाही. इस्त्रीचा शर्ट, कोपऱ्यात उभं राहून हळू आवाजात फोन, स्टाफरूममध्ये सगळ्यांना राहात्याचे पेरू! साळवे सर चिडवायचे, "आमाला पेरू, तुमाला बाग!" आणि म्हस्के सर लाजायचे. चाळीस वर्षांचा उंच माणूस, कानापर्यंत लाल व्हायचा.

प्राचार्यांनी शब्द दिला. कॉलेजच्या मूल्यांकनाची कमिटी येणार होती, तिनं चांगला ग्रेड दिला की रिकाम्या जागा भरणार. "भूगोलाला पहिलं नाव तुमचं, सर. फक्त जरा लक्ष घाला." इथंही 'जरा' होतंच, पण यावेळी मलासुद्धा ते ऐकू आलं नाही.

म्हस्के सरांनी लक्ष घातलं म्हणजे काय घातलं! भिंती रंगवून घेतल्या, स्वतःही रंगवल्या. बंद पडलेलं हवामान केंद्र चालू केलं. नर्सरीतून कुंड्या भाड्यानं आणल्या आणि प्रत्येक झाडाला लॅटिन नावाची पाटी लावली. एका रात्रीत शेळ्यांनी निम्मी झाडं खाल्ली, तरी पाट्या दिमाखात उभ्या होत्या. मी म्हटलं, "सर, आता काय?" तर म्हणाले, "नावं हायेत ना, मॅडम. आपल्याकडं मानूस नसला तरी नाव पुरतं!"

दिवाळी झाली. कमिटीची तारीख पुढं गेली. राहात्याचे पाहुणे तुळशीच्या लग्नापर्यंत थांबायला तयार झाले. तारीख पुन्हा पुढं गेली. तुळशीचं लग्न लागलं, गावोगावचे बँड सुरू झाले. म्हस्के सर रोज प्राचार्यांना विचारायचे, प्राचार्य रोज म्हणायचे, "सर, जरा धीर धरा."

०००

शेवटी कमिटी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी पालकसभा होती, आणि पालकच नव्हते. कसे असणार? कांद्याच्या लागणी चालू, ऊसतोड चालू. कोण शेत सोडून खुर्चीवर येऊन बसणार? प्राचार्य घामाघूम झाले. मग त्यांनी आम्हा तासिकावाल्यांना ऑफिसात बोलावलं.

"हे बघा, तुम्हाला कमिटीनं अजून पाहिलेलं नाही. कायम स्टाफची ओळख झाली, तुमची झाली नाही, हे एक बरं झालं." मग म्हस्के सरांकडं वळून म्हणाले, "सर, जरा पालक व्हा!"

मला त्यांनी माजी विद्यार्थिनी केलं. मी म्हटलं, "अहो, मी इथं शिकलेली नाही." प्राचार्य म्हणाले, "शिकवलंय ना? मग झालं तर!"

कॉरिडॉरमध्ये म्हस्के सर फेटा बांधत होते. पांढरा सदरा कुणाचा तरी मागून आणलेला, तो आखूड होत होता. मी थट्टेनं म्हणणार होते, नवरदेव शोभताय. बरं झालं, म्हटलं नाही.

"सकाळी सुवर्नाच्या वडलांचा फोन आल्ता," ते आरशात बघत म्हणाले. "तिचं जमलं. सुप्याला कंपनीत हाय पोरगा. परमनंट."

मी विचारलं, "काय म्हणाले ते?"

"लई चांगला मानूस. दोन-तीनदा 'सर, माफ करा' म्हनले."

"आणि ती?"

"तिनं फोन न्हाई घेतला." फेट्याचं टोक त्यांनी खोचलं. "चला मॅडम. पालकांनी येळेवर बसाया पायजे."

मला तिथल्या तिथं ओरडावंसं वाटलं. फेटा काढा, घरी जा, असं सांगावंसं वाटलं. पण मीही पदर नीट करून माजी विद्यार्थिनींच्या रांगेत जाऊन बसले.

हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. म्हस्के सरांच्या शेजारी वैष्णवीला बसवलं होतं. ही तृतीय वर्ष भूगोलाची, वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी. तिचा खरा बाप ऊसतोडीवर. तिला सांगितलं होतं, हे तुझे वडील, पप्पा म्हणायचं. ती बिचारी सकाळपासून मान वर करत नव्हती.

कमिटीचे अध्यक्ष दक्षिणेकडचे. वयस्कर, शांत, भला दिसणारा माणूस. मराठी येत नव्हतं, हिंदीही यथातथाच. म्हणून त्यांच्या शेजारी प्राचार्य दुभाषी म्हणून उभे. अध्यक्षांनी वैष्णवीला इंग्रजीत विचारलं की तुझे सगळ्यात आवडते शिक्षक कोण?

प्रश्न तिला लगेच कळला. इंग्रजी मीच शिकवलंय तिला. तिनं पहिल्यांदा मान वर केली आणि एका दमात म्हणाली, "म्हस्के सर, सर!" मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगत सुटली, त्यांच्यामुळं मी भूगोल घेतला, त्यांच्यामुळं मला पुढं शिकायचंय, ते नसते तर माझं लग्न लावून दिलं असतं घरच्यांनी.

अध्यक्ष खूश झाले. म्हणाले, मग बोलवा ना त्यांना. मला भेटायचंय या शिक्षकांना.

प्राचार्यांनी क्षणभर फेट्याकडं बघितलं आणि म्हणाले, "सॉरी सर. मिस्टर म्हस्के इज ऑन लीव्ह, सर."

अध्यक्षांनी खेदानं मान हलवली. मग ते वैष्णवीच्या वडिलांकडं वळले आणि इंग्रजीत काहीतरी विचारलं. प्राचार्यांनी मराठीत सांगितलं, "काका, ते विचारतायत, तुम्ही भेटलाय का म्हस्के सरांना? कसे आहेत ते?"

म्हस्के सर उठून उभे राहिले. आखूड सदरा खाली ओढला, हात जोडले.

"भेटलोय की. मानूस चांगला हाय. शिकवतो बी जीव लावून. पोरगी त्याच्या वर्गात बिनघोर बसवा." त्यांनी फेट्याचं टोक पुन्हा खोचलं. "पन पोरगी देऊ नका त्याला."

वैष्णवीनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. अध्यक्षांनी प्राचार्यांकडं बघितलं. काय म्हणाले हे?

प्राचार्य हसले, आणि त्यांनी भाषांतर केलं, "ही इज व्हेरी सॅटिसफाइड, सर!"